मदत हवी आहे : अमिगा आणि अटारी एसटीच्या बुरशी लागलेल्या फ्लॉप्या

मामांच्या साडेतीन इंची ४० फ्लॉप्या आहेत, काही कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० च्या, काही अटारी कंपनीच्या ५२० एसटीच्या (दोन्ही १९८०च्या दशकातले घरगुती संगणक). लेबलं पुसली गेलीत. दोन्ही यंत्रांत प्रोसेसर मोटोरोला ६८०००च, आणि घराणी तर अदलाबदल झालेली: अमिगाच्या चिप्समागे पूर्वी अटारीत असलेले जे मायनर, तर एसटीमागे कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल, ज्यांनी १९८४ मध्ये अटारीचा घरगुती विभाग विकत घेतला. डिस्क मात्र जुळत नाहीत.

यूएसबी ड्राइव्हवर एसटीच्या सात उघडल्या, अमिगाची एकही नाही. अमिगा एका ट्रॅकवर (चकतीवरच्या एका वर्तुळावर) माहितीचे ११ तुकडे, म्हणजे सेक्टर, सलग लिहिते, ते या ड्राइव्हला वाचताच येत नाही. म्हणून ग्रीसवीझल बोर्ड (फ्लॉपीवरचा मूळ चुंबकीय सिग्नल जसाच्या तसा वाचणारा) मागवला आहे, जुन्या पीसीतला १.४४ एमबीचा ड्राइव्हही आहे. मूळ यंत्रं आता नाहीत.

अडलंय ते इथे: सहा फ्लॉप्यांचं शटर सरकवलं की तपकिरी चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. तशाच घातल्या तर हेडही खराब होईल आणि चकतीही खरवडेल. मामांनी एसटीवर मिडीने (संगणकाला वाद्यं जोडण्याची पद्धत) बांधलेल्या चाली त्यांत आहेत, दुसरी प्रत नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने अशी बुरशी कुणी स्वतः काढली आहे का? कवच उघडून, की शटरच्या फटीतूनच चकती फिरवत?