ट्रॅप शिबिराला एकनळी बारा बोर नेऊ काय?

खानापूरकर:
पुढच्या महिन्यात महाराष्ट्रात दोन दिवसांच्या ट्रॅप (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरची नेमबाजी) शिबिराला जायलोय. आजोबांची एकनळी बारा बोर आता माझ्या परवान्यावर आहे, पण पिकाच्या राखणीपलीकडे तिचा वापर नाही. तीच नेऊ काय? काडतुसं किती लागतील? घरी सराव कसा करू?

निपाणीकर:
आधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. फक्त कर्नाटकापुरता असेल तर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडे बंदूक नेता येत नाही.

दुसरं म्हणजे चेंबर, नळीत मागं काडतूस बसतं ती जागा. जुन्या बऱ्याच बंदुकांचं ६५ मिमी असतं आणि आजची बरीच काडतुसं ७० मिमीची. हे माप उडालेल्या काडतुसाचं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरात सहज बसतं आणि माणूस फसतो. उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा मिळत नाही, दाब धोक्याइतका चढतो. जाणकार कारागिराकडून मोजून घ्या.

माझं मत विचाराल तर रेंजची ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) मिळते का बघा. एकनळी हलकी, धक्का जास्त. पन्नासेक बारांनंतर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात आणि ती खोड लवकर जात नाही. शिवाय ट्रॅपमध्ये एका तबकडीला दोन बार मिळतात, एकनळीत दुसरा नाहीच. एक फेरी २५ तबकड्यांची. नवख्याला दिवसाला तीन फेऱ्या पुरे. साडेसात नंबरच्या २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस घ्या. खिशात २० बोरचं एकही नको (बोरचा आकडा मोठा तसं काडतूस बारीक): ते नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बारा बोर भरून उडवलं की नळी फुटू शकते.

चिकोडीकर:
घरचा सराव रोज दहा मिनिटं. बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दस्ता आधी गालाला, मग खांद्याला. मान खाली घालून गाल दस्त्याकडे नेऊ नका. मग भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवरून नळी सावकाश फिरवा. असं तीस वेळा.

शिबिरात तबकडी हुकली की प्रशिक्षकाला एवढंच विचारा, “बार कुठं गेला?” मागून गेला तर चाप ओढताना नळी थांबली. वरून गेला तर बहुतेक वेळा तबकडी बघायला डोकं उचललं गेलं. प्रत्येक फेरीनंतर हे वहीत लिहा; नुसते गुण लिहून चूक कळत नाही. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा लागतोच, बाजूचा माणूस बार काढत असला तरी.

आणि जायच्या आधी प्रबळ डोळा, म्हणजे नेम आपोआप ज्या डोळ्यानं धरला जातो तो, तपासा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळ्यांनी त्यातून लांबची वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर वस्तू गायब होते तो प्रबळ.

खानापूरकर:
डावा निघाला. बंदूक उजव्या खांद्यावर धरतो.

चिकोडीकर:
मग तबकडीवर सराव सुरू व्हायच्या आधीच डाव्या खांद्यावर या, सवय मुरली की बदलणं जड जातं. अगदीच जमत नसेल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा नाण्याएवढा तुकडा लावा. बंदूक गालाला लावल्यावर डाव्या डोळ्याला नळीच्या टोकाचा मणी दिसायला नको, तिथंच तो बसवा.