मदत हवी आहे: १:२४ पिकअप मॉडेल, कॅबिनचं छत बसत नाही आणि हौदा वाकतोय

स्वतःच्या पिकअपचं १:२४ मॉडेल किटशिवाय, स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट कापून करतोय. बाजूचा फोटो १० मीटरवरून झूम करून घेतला, व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) मापाने छापला आणि त्यावरून कॅबिनच्या दोन्ही बाजू १ मिमी शीटमधून कापल्या. पुढच्या काचेचा साचा मात्र गाडीवरच कागद दाबून घेतलाय. आता इथे अडलंय:

१. बाजू आत कलवल्या की छताची कड पुढच्या काचेच्या वरच्या कडेपेक्षा जवळजवळ १ मिमी खाली येते.
२. हौद्याच्या बाजूंसाठी १ मिमीच्या दोन शीट एकमेकींना चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी सरळ होत्या, आठवड्याभरात धनुष्यासारख्या वाकल्या.
३. चाकं लावून पाहिली तर गाडी आपली वाटतच नाही. मूळ टायर २३५/७५ आर १५, मॉडेलचे २८ मिमी व्यासाचे.

प्रतिसाद १
छताचा दोष कापण्यात नाही, फोटोत आहे. दरवाजाचा खालचा भाग जवळपास उभा असतो, त्यामुळे तो फोटोत खरा उतरतो. खिडकीपासून वरचा भाग आत कलतो. फोटो त्याची फक्त उभी उंची दाखवतो, तिरकी लांबी नाही. ती उंची कापून पुन्हा कलवलीत की छत तेवढं खाली येणारच.

गाडी सपाट जागी उभी करा. दरवाजाची काच खाली घ्या, छताच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतचं आडवं अंतर मोजा. मग काच वर करून तिच्यावरून टेप लावून तिरकी लांबी घ्या. या दोन मापांतून कोन निघतो.

वर पट्टी चिकटवून उंची भरू नका. खिडकीचं भोकही तेवढंच बुटकं झालंय, पट्टीने छत फक्त जाड दिसेल. नवीन बाजू दोन तुकड्यांत करा: खिडकीच्या खालच्या रेषेपर्यंत एक, वरचा दुसरा. सांध्याच्या आत १.५ मिमी शीटचे, त्याच कोनात कापलेले तीन त्रिकोणी आधार लावा, म्हणजे कल हलणार नाही.

प्रतिसाद २
हौद्याबद्दल. पूर्ण पृष्ठभागावर पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) लावलं की त्यातलं द्रावण दोन शीटमध्ये कोंडतं. ते कित्येक दिवस प्लॅस्टिक मऊ ठेवतं, एका अंगाने जास्त उडतं आणि शीट त्या अंगाला ओढली जाते. वाकलेल्या बाजू गरम पाण्यात घालून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवीन करा.

खऱ्या हौद्याची बाजूही भरीव नसते, आत-बाहेर दोन पत्रे आणि मध्ये पोकळी असते. तसंच करा: ०.५ मिमीच्या दोन शीट, मध्ये २ मिमीच्या उभ्या पट्ट्या दर १५ मिमीवर. एकूण जाडी ३ मिमी, म्हणजे खऱ्या गाडीत ७२ मिमी. तुमच्या हौद्याची जाडी वेगळी असेल तर मधल्या पट्ट्या बदला. सिमेंट फक्त पट्ट्यांवर. प्रत्येक कप्प्याला खालून १ मिमीचं भोक पाडा आणि काचेच्या तुकड्यावर वजन ठेवून रात्रभर राहू द्या.

प्रतिसाद ३
टायरचा हिशेब: १५ इंचांची रिम म्हणजे ३८१ मिमी, अधिक वर-खाली टायरची उंची, म्हणजे २३५ मिमी रुंदीच्या ७५ टक्क्यांची दुप्पट, ३५२.५. एकूण ७३३.५, भागिले २४, म्हणजे ३०.६ मिमी. तुमचं चाक खऱ्या गाडीच्या मापात सहा सेंटीमीटर लहान आहे, डोळ्याला खटकणारच.

त्यानंतर गाडीची बैठक. चारही चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून नको, टायर खाली दबलेला असतो. रिकामी पिकअप बहुधा मागून उचललेली असते, ती उंची चुकली की बाकी कितीही बारकावे घाला, गाडी ओळखीची वाटत नाही. एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये ०.२५ मिमीच्या चकत्या घालून जुळवा, चॅसी आणि बॉडी चिकटवण्याआधी. टायर मऊ व्हिनाइलचे घेतलेत तर रिमभोवती पातळ फॉइल गुंडाळा, नाहीतर त्यातलं तेलकट द्रव्य स्टायरीन विरघळवतं.

धागाकर्ता
ओळंब्याने मोजलं. काच तिरकी ४६० मिमी, आडवं अंतर १२०. म्हणजे कोन साधारण १५ अंश आणि उभी उंची ४४४. फरक १६ मिमी, मॉडेलमध्ये ०.६५. उरलेला ०.४ कुठून आला? हौद्याच्या मागच्या फाळक्यावर एक पोचा आहे, तोही मॉडेलवर हवाय.

प्रतिसाद १
उरलेलाही फोटोतूनच. छताची कड दरवाजापेक्षा कॅमेऱ्यापासून १२० मिमी लांब आहे. १० मीटरवर हा फरक १.२ टक्के. कॅमेरा दरवाजाच्या मध्यावर धरला असेल तर छत त्याच्या सुमारे ८०० मिमी वर येतं, त्याचे १.२ टक्के म्हणजे जवळपास १० मिमी, भागिले २४, ०.४. छताची उंची टेपनेच घ्या, फोटोवरून फक्त खिडकीचे आकार आणि कोपऱ्यांचे गोल.

प्रतिसाद ३
पोच्यासाठी फाळक्याचा बाहेरचा पत्रा ०.५ मिमीचा ठेवा. आतून तेवढीच जागा पॉलिश पेपरने ०.३ पर्यंत पातळ करा आणि गोल टोकाचं कोमट हत्यार बाहेरून हलकं दाबा. हे प्रायमरच्या आधी, आणि मागचा पत्रा लावायच्याही आधी. दरवाजाच्या फटी मात्र लागतात त्याहून खोल आणि जराशा रुंद कोरा. ५ मिमीची फट इथे ०.२ मिमी होते. प्रायमर आणि रंग मिळून ०.१ मिमी थर चढला तर तो दोन्ही कडांवरून आत येतो आणि फट बुजते. प्रायमर सुकल्यावर पुन्हा एकदा सुई फिरवा, मगच रंग.