चार रेपो, चार व्हर्जन... कुठलं कशाशी जुळतं हे कसं सांभाळता?

रात्रपाळी:
बॅकएंड, वेब, मोबाइल अॅप आणि तिघांत वापरायची एक कॉमन लायब्ररी असे चार गिट रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागा) आहेत. कशाबरोबर काय चालतं ते एका शीटमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे ठेवायचो, शेवटची ओळ दोन महिन्यांपूर्वीची आहे. शुक्रवारी संध्याकाळी (अजून कधी!) लायब्ररीत 'अमाउंट' फील्डचं नाव 'टोटल' झालं, बॅकएंडने ते उचललं, वेब जुन्यावरच राहिलं आणि सगळ्या बिलांवर शून्य रुपये दिसायला लागले. सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडणं) लावू का सगळं एकाच रेपोत कोंबू?

चहाबिस्किट:
सबमॉड्यूल ब्रांच (पुढे सरकत जाणारी कोडची शाखा) नाही, एक ठराविक कमिट (कोडची नोंदवलेली एक स्थिती) धरून बसतं. लोक आत जाऊन डिटॅच्ड हेडवर, म्हणजे कुठल्याच ब्रांचवर नसताना, काम करतात आणि बाहेरच्या रेपोत पॉइंटर पुढे न्यायला विसरतात. मी दोन वर्षं भोगलंय. त्यापेक्षा तुमची शीटच पाचव्या छोट्या रेपोत फाइल म्हणून टाका, चौघांचे कमिट हॅश (कमिटची ओळख सांगणारे कोड) लिहून. अँड्रॉइडवाल्यांचं 'रेपो' टूल असंच, एक्सएमएल मॅनिफेस्ट (रेपोंच्या यादीची फाइल) वाचून शेकडो रेपो ओढतं. फक्त फाइलला माणसाचा हात लागू देऊ नका, सीआयने (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेने) चारही एकत्र चालवून टेस्ट हिरव्या झाल्या तरच ती बदलायची.

सेमिकोलन:
लायब्ररीचं व्हर्जन काय होतं?

रात्रपाळी:
०.४.२ होतं, नाव बदलल्यावर ०.४.३ काढलं. पॅकेज डॉट जेसनमध्ये (कुठल्या लायब्रऱ्या लागतात त्या यादीत) व्हर्जनआधी कॅरेट (^) आहे.

सेमिकोलन:
मग सापडलं की! कॅरेट ०.४.२ म्हणजे ०.५.० च्या आतलं काहीही चालेल. बॅकएंडने नव्याने इन्स्टॉल करताना ०.४.३ उचललं, वेबच्या लॉकफाइलने (नेमकं व्हर्जन नोंदवून ठेवणाऱ्या फाइलने) ०.४.२ धरून ठेवलं. ०.५.० काढलं असतं तर आपोआप कुणाकडेच गेलं नसतं. नाव बदलणं हा पॅच (शेवटचा आकडा वाढवायची छोटी दुरुस्ती) नाही हो.

जुनाफोन:
मॅनिफेस्ट ठीक, पण मोबाइलचं काय? लोकांच्या फोनमधलं अॅप तुमच्या हॅशवर चालत नाही, माझ्या सासऱ्यांच्या फोनवर अजून गेल्या दिवाळीचं व्हर्जन आहे. एपीआयमधून (बॅकएंड अॅपला डेटा देतो तिथून) आधी अमाउंट आणि टोटल दोन्ही पाठवा, जुनी अॅप्स किती उरलीत ते लॉगमध्ये बघा, मगच अमाउंट काढा. आमच्याकडे असलं एक फील्ड काढायला सात महिने लागले.

रात्रपाळी:
सात महिने 😭 बरं, आत्ता दोन्ही पाठवतो, लायब्ररीचं ०.५.० काढतो आणि सोमवारी पाचवा रेपो.