पी.टी. म्हणजे रांगा आणि पदकं? मला हे पटत नाही

रावपुऱ्यातली आई
काल आपल्या बडोद्याच्या या चर्चेत एका मुख्याध्यापिका बाईंनी लिहिलं, "प्राथमिक शाळेतलं चांगलं शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्तबद्ध कवायत, स्वच्छ गणवेश आणि स्पर्धेतली पदकं." रात्रभर डोक्यातून जाईना. माझा मुलगा तिसरीत आहे. परवा फाटकातून त्याचा तास बघितला. बेचाळीस मुलं, एक चेंडू. पस्तीस मिनिटांत त्याच्या हाताला चेंडू लागला दोनदा, बाकी वेळ सावधान-विश्राम. जागतिक आरोग्य संघटना मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल हवी म्हणते. आठ वर्षांच्या पोराला पळायला, झेलायला, पडून उठायला मिळालं पाहिजे. पदकं चार पोरांना मिळतात हो.

मुख्याध्यापिका
ते मीच लिहिलं. ताई, पन्नास मुलं एकटीनं मैदानावर नेऊन बघा, मग बोला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक फक्त सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कोणी नाही. गणित शिकवणारी बाईच शिट्टी वाजवते. रांग नसेल तर पहिल्याच दिवशी कुणाचा तरी दात पडेल.

दांडियाबाजारकर
रांगेचं सोडा, मैदान कुठाय? भाचीच्या शाळेचं मैदान नवरात्राच्या पंधरा दिवस आधीच गरब्याला जातं. नंतर बांबूंचे खड्डे तसेच. गेल्या वर्षी तिच्या टाचेत गंजलेला खिळा घुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. महिनाभर पी.टी. वर्गात, बाकावर बसून!

मांजलपूरची
गरब्याला नावं ठेवू नका! त्या भाड्यातूनच शाळेत पंखे लागतात. माझी मुलगी पी.टी.ला कायम मागे उभी, पण गरब्यात दोन तास थांबत नाही. तो व्यायाम नाही?

दांडियाबाजारकर
गरब्याला कोण बोललं? नीट वाचा. खड्डे बुजवा म्हणतोय. 1923 मध्ये याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्यानं हुतुतूचे नियम बसवले आणि आज इथल्या पोरांना हुतुतू खेळायला माती मिळत नाही. राग येणार नाही तर काय?

मांजलपूरची
खड्ड्यांचं मंडळात बोलते. गरबा मात्र तिथेच होणार.

मुख्याध्यापिका
बरं, पदकं आणि गणवेश मागे घेते. रांग नाही घेणार. सगळ्यांच्या हाताला चेंडू लागावा म्हणून सहा-सहांचे गट करायचे तर चेंडू आणि माणसं कोण देणार?

रावपुऱ्यातली आई
जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू मी शिवते. शुक्रवारी तुमच्या शाळेत येऊ?

मुख्याध्यापिका
तिसऱ्या तासाला या. आणि उन्हात उभं राहायची तयारी ठेवा.