मंडळाची दरवर्षीची देणगी: हॉस्पिटलला मशीन द्यावं की पेशंटची बिलं भरावीत?

लालबागचा_चाकरमानी
नमस्कार मंडळी. आमचं गावचं ग्रामस्थ मंडळ आहे, रजिस्टर्ड ट्रस्ट, ऑफिस म्हणजे लालबागच्या चाळीतली एक खोली. देवळाचा खर्च, शाळेच्या वह्या आणि दरवर्षी थोडी रक्कम परळच्या हॉस्पिटलांकडे असं आजोबांच्या पिढीपासून चालू आहे, कारण गावाहून कोणी आजारी पडून आलं की एकतर केईएम नाहीतर टाटा. आतापर्यंत फळवाटप, ब्लँकेटं, कधी एखादी व्हीलचेअर एवढंच. यंदा एफडी मॅच्युअर झाल्यामुळे तीनेक लाख देता येतील आणि तिथेच भांडण सुरू झालंय 😅 जुन्या मंडळींना डायलिसिस मशीन द्यायचंय, कमी पडतील ते वर्गणी काढून, वर मंडळाच्या नावाची पाटी, साहेबांच्या हस्ते नारळ. आम्ही तरुण म्हणतो (तरुण म्हणजे पन्नाशीतले) पेशंटना थेट मदत करा. पुढच्या रविवारी सभा आहे, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

निवृत्त_परळकर
मी महापालिकेच्या हॉस्पिटलात सोशल वर्कर होते, आता घरी आहे. मशीनच्या फंदात पडू नका. एक डायलिसिस साधारण चार तासांचं, मिनिटाला अर्धा लिटर फ्लुइड लागतं म्हणजे एका पेशंटमागे एका वेळेला १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी, त्याला आरओ प्लांट हवा, टेक्निशियन हवा, दर पेशंटला डायलायझर (रक्त गाळायचा फिल्टर), ट्युबिंग, शिवाय वॉरंटी संपली की मशीनचं एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार. हे सगळं ज्या सेंटरमध्ये आधीच आहे तिथे त्यांना विचारून द्या, नाहीतर नारळ फुटतो आणि मशीन कव्हर घालून कोपऱ्यात. आमच्याकडे एका मंडळाने ॲम्ब्युलन्स दिलेली, ड्रायव्हरची पोस्टच नव्हती, पावसाळ्यात तिच्याखाली मांजरं व्यायची.

केईएम, नायर, सायन सगळीकडे समाजसेवा विभाग असतो आणि गरीब पेशंटांसाठी पुअर बॉक्स फंड असतो. डॉक्टर लिहून देतात काय लागणार ते, सोशल वर्कर रेशनकार्ड बघते, घरात कमावणारं कोण विचारते, मग फंडातून इम्प्लांट, बाहेरची औषधं, तपासण्या असं दिलं जातं. पैसे चेकने द्या, पावती घ्या, आणि पत्रात लिहा की अमुक कामालाच वापरा.

पावती_फाडा
सीए आहे म्हणून रुक्ष बोलतो. आधी घटनेतले उद्देश काढून बघा, त्यात वैद्यकीय मदत आहे का? नुसतं देऊळ आणि शिक्षण असेल तर तीन लाख हॉस्पिटलला गेल्यावर ऑडिटर शेरा मारेल आणि उत्तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यावं लागेल. दुसरं, इन्कम टॅक्सची सूट टिकवायला ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचे हे खजिनदाराला माहीत असेलच, पण २०२३ च्या फायनान्स ॲक्टपासून एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेली देणगी पूर्ण धरत नाहीत, त्या देणगीच्या ८५ टक्केच खर्च म्हणून धरतात, हे बऱ्याच मंडळांच्या गावीही नाही. पेशंटसाठी स्वतः खर्च केला तर हा प्रश्न येत नाही, फक्त चेक हॉस्पिटलच्या किंवा मेडिकलच्या नावाने काढा, नातेवाइकाच्या हातात कॅश नको. आणि वर्गणी काढणार असाल तर लक्षात ठेवा, दोन हजारांच्या वर रोख देणाऱ्याला ८०जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत, मिळत नाही, मग तो वर्षभर तुम्हाला ऐकवतो.

दिवा_फास्ट
माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. डायलिसिस सरकारी योजनेत बसलं, त्याचा एक रुपया लागत नाही. लागतो तो बाकीच्याला. येताना ट्रेनने येतात पण परत जाताना बीपी पडलेलं असतं, टॅक्सीच करावी लागते. रक्त वाढायचं इंजेक्शन सेंटरला नसलं की बाहेरून आणा. बरोबर मी किंवा आई, म्हणजे एकाचा खाडा. मंडळांच्या देणग्यांत हा खर्च कुठेच नसतो कारण त्याचा फोटो निघत नाही. तुमच्या गावच्या चारपाच पेशंटांचा असा वर्षभराचा खर्च उचललात तर तीन लाख सत्कारणी लागतील असं मला वाटतं.

कायदा_वाचा
दादा थोडं वेगळं बोलतो. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात, २००६ सालची हायकोर्टाची स्कीम आहे, बिलांच्या २ टक्के रक्कम हॉस्पिटलने निर्धन रुग्णांच्या फंडात वेगळी काढायची असते. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. आपल्या गावचा माणूस काय करतो, काउंटरवर डिपॉझिट मागितलं की मंगळसूत्र गहाण ठेवतो. तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन कोणाला भेटायचं हे सांगणारा एक चांगला मुलगा मंडळाने पगारी ठेवला ना, तर तुमच्या तीन लाखांपेक्षा कितीतरी जास्तीची बिलं वाचतील. मशीन राहू द्या.

लालबागचा_चाकरमानी
सगळ्यांचे आभार, हे सगळं प्रिंट काढून सभेत वाचतो. घटना काढली, उद्देशात "रुग्णसेवा" आहे, वाचलो. पगारी मुलगा ही कल्पना बायकोला सर्वात आवडली पण जुनी मंडळी म्हणणार पगारावर पैसे उडवले. आणि पाटीचं काय करू? आमचे एक काका त्यावरच अडून बसलेत, त्यांच्या वडिलांनी मंडळ काढलं.

निवृत्त_परळकर
काकांना घेऊन समाजसेवा विभागात जा. सकाळी नको, ओपीडीची गर्दी असते, दुपारी दोननंतर जा, त्या दिवशीचे अर्ज बघायला मिळतात का विचारा. आणि देणगीदारांची नावं लावतात बऱ्याच ठिकाणी, ते विचारायला लाजू नका. वडिलांच्या नावाने द्या म्हणावं.