१८९० ला विषय संपला नाही

"१८९० साली मॉर्मन चर्चने (अमेरिकेत सुरू झालेला एक धर्मपंथ) बहुपत्नीत्व सोडलं, विषय संपला" असं म्हटलं जातं. इतकं सरळ नाही ते. मधल्या काळात गुपचूप लग्नं चालूच राहिली, म्हणून १९०४ मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्ध दुसरा जाहीरनामा काढावा लागला.

या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला अंदाजे ३० ते ४० बायका होत्या, हे चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलं ते थेट २०१४ मध्ये! त्यातली एक तर लग्नाच्या वेळी पंधराचीही नव्हती. फक्त पहिली बायको एमा हिचा नवरा म्हणून त्याला ओळखत वाढलेल्यांना केवढा धक्का बसला असेल.

बरं, आजही विधुराला मंदिरात दुसरीशी 'अनंतकाळची', म्हणजे मृत्यूनंतरही टिकणारी, लग्नगाठ बांधता येते, पहिलीची न सोडता. विधवेला मात्र जिवंतपणी ही मुभा नाही. मग स्वर्गात आपण कितव्या, हा बायकांचा प्रश्न इतिहासाचा कसा म्हणायचा?