हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉन बल्ब: उजेड आपल्याला, अंधारी समोरच्याला?

निशाचर (धागाकर्ता)

एका मित्राने जुन्या हॅचबॅकमध्ये एचआयडी किट (म्हणजे बाजारात मिळणारा झेनॉन बल्बांचा संच) बसवून घेतलं आणि सगळ्यांना फोटो पाठवले. "बघा, रस्ता दिवसासारखा दिसतो!" दिसतो खरा. पण समोरून येणाऱ्याचं काय होतं, ते त्या फोटोत येत नाही.

माझं मत सरळ आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन घालू नये. "नंतर फोकस सेट करून घेऊ" हे उत्तर इथे लागू पडत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात: एक लांबवर उजेड टाकणाऱ्या अप्परची, दुसरी जवळ, खाली टाकणाऱ्या डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. तोच प्रकाश खालच्या अर्ध्यावर पडला, तर वर उडून समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणजे तार कुठे आहे, किती लांब आहे, तिच्या कुठल्या बाजूला आडोसा आहे, हे सगळं धरूनच तो आरसा घडवलेला असतो.

झेनॉनमध्ये तार नसतेच. दोन इलेक्ट्रोडमधल्या जेमतेम ४ मिलिमीटरच्या फटीत विजेची ठिणगी कायम पेटलेली असते. ती मधे जरा वर उचललेली आणि टोकांशी सर्वांत प्रखर. एच-४ च्या किटमध्ये तर एकच नळी चुंबकाने मागेपुढे सरकवून अप्पर-डिपरचं काम भागवतात. त्यातून एच-४ च्या डिपरचा अधिकृत प्रकाश साधारण १,००० ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) आणि ३५ वॉटच्या झेनॉनचा ३,२०० च्या आसपास. तिप्पट प्रकाश, तोही चुकीच्या जागेवरून निघालेला.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने सेव्हन सीरिजमध्ये झेनॉन आणला, तेव्हा हेडलाइटच त्या बल्बासाठी बनवला होता. पुढे युरोपात २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला हेडलाइटची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे झाले. बाजारातल्या किटसोबत यातलं काय मिळतं? एक स्टिकर.

कशेडीकर

लेख छान, पण शहरात बसून लिहिलेला वाटतो.

आमच्याकडे रात्री रस्त्यावर म्हशी बसलेल्या असतात. काळ्या म्हशी, काळं डांबर, वर पाऊस. कामं चालू असतील तिथे पांढरी पट्टी नाही, रिफ्लेक्टर नाही, डायव्हर्जनचा बोर्ड दहा पावलांवर आला की दिसतो. कंपनीच्या हॅलोजनने मला काय दिसतं ते सांगू? पिवळट डबकं. त्यापुढे देवाचं नाव.

तुमचे १,००० ल्युमेन कागदावर. माझ्या जुन्या गाडीत त्यातले निम्मे तरी रस्त्यावर पोचतात का, विचारा कुणाला. झेनॉन टाकल्यापासून वळणावरचा कठडा दिसतो. आणि ३५ वॉटच खातो, हॅलोजनसारखे ५५ नाही. फोकस मी खाली करून घेतलाय, आजवर समोरून कुणी अप्पर मारून शिवी दिलेली नाही.

बॅटरीवाला

मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो. किटं पुष्कळ बसवलीत, गिऱ्हाईक मागतं तर बसवतो. त्यामुळे मला दोन्ही बाजू माहीत आहेत.

कशेडीकर, तुमचा प्रश्न खरा आहे, पण रोग वेगळाच असू शकतो. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, कनेक्टर गंजलेले, अर्थिंग लूज. बल्बावर मीटर लावा, बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी सहज सापडतो. हॅलोजनचं गणित विचित्र आहे: व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड ३० टक्क्यांच्या आसपास घटतो. बॅटरीवरून थेट जाड वायर, दोन रिले (डॅशबोर्डच्या स्विचच्या इशाऱ्यावर जास्त करंट जोडणारे स्विच), फ्यूज, चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॉटचेच बल्ब आणि पिवळी पडलेली काच पॉलिश. एवढं केल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "बल्ब कितीचा टाकलात?"

फक्त १००/९० वॉटचे बल्ब टाकू नका. होल्डर वितळतात, रिफ्लेक्टरची चकाकी जळते.

किटबद्दल: टाकायचंच असेल तर ४,३०० केल्विन (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका जास्त तितका निळा). ८,००० केल्विनचा निळा उजेड दिसायला भारी, पण त्यात ल्युमेन कमी आणि पावसात ओल्या रस्त्यावर काहीच दिसत नाही. आणि बॅलास्ट (झेनॉन पेटवणारा डबा) वर, कोरड्या जागी लावा. पेटताना वीस हजार व्होल्टच्या पुढे जातो तो. कोकणातल्या पावसात बंपरमागे लटकवलेला बॅलास्ट किती दिवस टिकणार?

स्कूटरवाली

"समोरून कुणी शिवी दिलेली नाही" म्हणे. आम्ही द्यायची कशी? एक हात ब्रेकवर, दुसरा हँडलवर, डोळे मिटलेले, आणि रस्त्याची कडा कुठे संपते याचा अंदाज चालू. हेल्मेटच्या काचेवर चार ओरखडे असले की तो पांढरा उजेड पूर्ण काचभर पसरतो. तुम्ही तोवर पुढच्या वळणावर गेलेले असता.

कशेडीकर

ताई, तुमचं मान्य. पण तुम्हाला आंधळं करणारे निम्मे लोक साध्या हॅलोजनवर अप्पर ठेवून येणारे असतात, त्यांच्यावर धागा कोण काढणार?

कलम_बावन्न

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं.

आता पकडतं कोण, हा प्रश्न आहेच. खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणी नाही आणि पीयूसीवाला धूर बघतो, दिवा नाही.

दादासाहेब

आमच्या वेळी हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग लावायची पद्धत होती. समोरच्याला त्रास नको म्हणून. मंडळी हसतील आता.

शोरूम

निशाचर, तुमचा सगळा युक्तिवाद बल्बाच्या जागेवर उभा आहे. मग कंपनीतून एलईडी घेऊन येणाऱ्या नव्या उंच एसयूव्हींचं काय? त्यांचा हेडलाइट बल्बासाठीच बनवलाय, प्रमाणपत्र आहे, सगळं कायदेशीर. तरी हॅचबॅकमध्ये बसलेल्या माणसाच्या बरोबर आरशात आणि डोळ्यांत. हॅलोजनमध्ये दुसरा बल्ब घालणं तत्त्वतःच चूक म्हणाल, तर जर्मनीत २०२० मध्ये ओसरामच्या एलईडी बल्बाला हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये वापरायची अधिकृत परवानगी मिळालीच की! तिथले लोक काही बेफिकीर नाहीत.

निशाचर

जर्मनीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या एलईडीच्या चकत्या तारेच्या जागी, तारेएवढ्या आकारात बसवल्या आहेत. परवानगीही सरसकट नाही. कुठल्या गाडीच्या कुठल्या हेडलाइटमध्ये चालेल त्याची यादी आहे, यादीत नसेल तर नाही. झेनॉनच्या किटला अशी यादी दाखवा, मी धागा मागे घेतो.

उंच एसयूव्हींचं म्हणणं रास्त आहे. पण तिथे निदान डिपरची रेष असते, म्हणजे उजेड जिथे कापला जातो ती कडा. डॅशबोर्डवर हेडलाइट खालीवर करणारं ० ते ३ चं चाक असेल तर मागे माणसं-सामान भरल्यावर ते फिरवा. बहुतेकांना ते कशासाठी आहे तेच ठाऊक नसतं.

कशेडीकर, एक करून बघा. रात्री सपाट जागी, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी लावा, डिपर चालू. हॅलोजनची रेष उजवीकडे आडवी आणि डावीकडे तिरकी वर चढलेली दिसते. ती रेष हेडलाइटच्या मध्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर खाली हवी. आता तुमच्या किटने रेषेच्या वर काय सांडतं ते बघा. फोकस खाली केला की अख्खं चित्र खाली सरकतं, सांडणं तसंच राहतं. शिवाय तुम्हाला लांबचं दिसेनासं होतं. गाडीच्या नाकासमोर लखलखाट असला की बुबुळं आकसतात, आणि म्हैस उभी असते ती पुढे.

कशेडीकर

भिंतीवर बघितलं. रेष आहे, पण धुरकट. वर पांढरं पसरतं, खोटं बोलणार नाही. तरी पावसाळ्याच्या तोंडावर मी हे काढून परत पिवळं डबकं लावणार नाही. बॅटरीवाले, प्रोजेक्टर (रिफ्लेक्टरऐवजी भिंगातून उजेड टाकणारा हेडलाइट) बसवला तर?

बॅटरीवाला

झेनॉनचा प्रोजेक्टर बसवला तर रेष सुरीसारखी येते. पण त्यासाठी हेडलाइट गरम करून उघडावा लागतो, काच परत चिकटवताना सील नीट बसलं नाही की पहिल्याच पावसात आत पाणी. कलमवाले साहेब त्यालाही बदलच म्हणतील. आधी रिले टाका. दोन तासांचं काम आहे, आणि किट काढून ठेवा, फेकू नका, पटलं नाही तर भांडायला या.

कशेडीकर

वायर किती जाड घेऊ?

बॅटरीवाला

अडीच चौरस मिलिमीटर. तांब्याचीच. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.